एकोणचाळीस नंबरची बाटली

माझी पहिली नोकरी दूध शीतकरण केंद्रातली. नांदूरघाटच्या रस्त्याला एक पत्र्याची शेड होती. आसपासच्या गावांतल्या सहकारी संस्थांचं दूध तिथे यायचं, थंड व्हायचं आणि टँकरने पुढे जायचं. ते तपासायचं काम माझं. बीडला राहून रसायनशास्त्रात बीएस्सी केलेलं, आमच्या वस्तीतली पहिली पदवीधर मुलगी, त्यामुळे डोक्यात हवा भरपूर. केंद्रातले बाकी सगळे बनियनवर वावरायचे आणि मी पांढरा कोट घालून. मे महिन्यातसुद्धा. घामाने कोट पाठीला चिकटायचा, पण काढायचे नाही.

शेडच्या एका कोपऱ्यात प्लायवूडची भिंत घालून माझी प्रयोगशाळा केलेली होती. एक टेबल, एक ब्युरेट, परीक्षानळ्यांचं लाकडी घोडं आणि द्रावणांच्या पाच-सहा बाटल्या. एवढ्यावर मी स्वतःला शास्त्रज्ञ समजायचे. समजायला काय जातं?

आम्ल आणि आम्लारी या प्रकाराची मला कॉलेजपासून गोडी. त्यांच्यासाठी शून्यापासून चौदापर्यंत घरं आखलेली असतात. त्याला आम्ही पीएच म्हणायचो, शेतीखात्यातली माणसं सामू म्हणायची. मधलं सातवं घर शुद्ध पाण्याचं. त्याच्या खाली सगळं आंबट: ताक, चिंच, लिंबू. त्याच्या वर सोडा, राख, चुना. ताजं दूध सातच्या किंचित खाली असतं, साडेसहा-पावणेसातच्या आसपास. आणि यातली गंमत अशी, की एक घर खाली उतरलं की आंबटपणा दसपट होतो, दोन घरं उतरलं की शंभरपट. म्हणजे आकडा जरासा हललेला दिसतो आणि तेवढ्यात दुधाचं पार वाटोळं झालेलं असतं. हे मी केंद्रातल्या प्रत्येकाला समजावून सांगितलं होतं. कुणीही विचारलं नव्हतं.

पण खरी गोडी वेगळ्या कारणाने होती. दुधात दोन थेंब टाकले की रंग येतो किंवा येत नाही. दूध कुणाच्या घरचं, ते घर गावाच्या कोणत्या अंगाला, हे त्या थेंबांना माहीत नसतं. मी ज्या वस्तीत वाढले तिथल्या मुलीला या गोष्टीचं फार अप्रूप असतं. माणसं नाव विचारतात, मग गाव विचारतात, मग गावातली गल्ली विचारतात, आणि मग त्यांचा चेहरा बदलतो. माझ्या परीक्षानळीने कुणाला कधी गल्ली विचारली नाही. माझा जीव होता त्या रंगांवर.

मी नोकरीला लागले त्याच्या आदल्या वर्षी पाऊस गेला होता, आणि लागले त्या वर्षीही गेला. बरीचशी जनावरं चारा छावणीत, वीज कधीही गायब, आणि दुधाची गाडी दोन-दोन तास उशिरा. दूध वाटेतच आंबायला लागायचं. मग काही जण त्यात सोडा टाकायचे. आंबटपणा म्हणजे आम्ल, सोडा आम्लारी. दोघं एकमेकांना मारतात आणि तपासणीत दूध पुन्हा ताजं दिसतं. दूध मात्र खराब ते खराबच, वर पिणाऱ्याच्या पोटात सोडा. म्हणून केंद्राच्या व्यवस्थापकांनी नियम काढला. प्रत्येक गावाला आठवड्यातला एक वार नेमून दिला. त्या दिवशी त्या गावच्या प्रत्येक सभासदाच्या दुधाचा नमुना छोट्या बाटलीतून माझ्याकडे यायचा. बाटलीवर सभासदाचा नंबर. दुधात तेवढंच स्पिरिट घालायचं, वर रोझॉलिक आम्लाचे थेंब सोडायचे. चांगलं दूध पिवळट-तपकिरी राहतं. सोडा असला की गुलाबी-लाल होतं. तीन आठवडे लाल आलं की सभासदत्व रद्द आणि संस्थेच्या फळ्यावर नाव. फळ्याची कल्पना माझी. अजून कुणी विचारलं तर मी व्यवस्थापकांचं नाव सांगते.

तपासून झालं की बाटल्या धुऊन, क्रेटमध्ये नंबरवार लावून मीच परत पाठवायचे. आधी प्रत्येक बाटली सोड्याच्या पाण्याने घासून नळाखाली तीनदा खळबळून घ्यायचे. दुष्काळात नळ बंद पडला. केंद्राला बोअरचं थोडं पाणी मिळायचं, ते दूध थंड करायच्या यंत्रालाच पुरेना. मग मी एक पद्धत बसवली. एका बादलीत सोड्याचं पाणी, दुसऱ्या बादलीत साधं. सोड्यात घासायची, साध्यात एकदा बुडवून काढायची, उपडी ठेवायची. दोन बादल्यांत अख्खं गाव. पाणी कमी आणि चूल चहापुरती एकच, बादलीभर पाणी गरम करायची सोय नाही, त्यामुळे साय काचेला चिकटून राहायची. म्हणून मी सोडा दुप्पट केला. व्यवस्थापकांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. "असं डोकं चालवा जरा," असं ते बनियनवाल्यांना म्हणाले. मी दिवसभर हवेत.

बाटल्या वाळल्या की तळाशी पांढरी खरड दिसायची. आमच्याकडच्या बोअरच्या पाण्याने तांब्यावर, माठावर, सगळीकडेच पांढरं धरतं. मी तिकडे बघितलंही नाही.

बाकीची गावं पंधरा-वीस सभासदांची होती. एकच गाव मोठं, एकोणचाळीस सभासदांचं. तिथला एकोणचाळिसावा नंबर एका बाईचा होता. पन्नाशीची, नवरा गेलेला, मुलगा-सून ऊसतोडीला कारखान्यावर, आणि घरी ही आणि एक गाय. बौद्ध वस्तीतली, म्हणजे आमच्यातली. तिला सभासद करून घ्यायला त्या गावाने दोन वर्षं घोळ घातला होता. तिच्या घरचं दूध बाकीच्यांच्या कॅनमध्ये ओतायचं कसं, हा प्रश्न. उघड कुणी म्हणायचं नाही. अर्ज फक्त सापडायचा नाही. शेवटी तालुक्याहून कुणा साहेबाने दम दिल्यावर तिला घेतलं. सगळ्यात शेवटी आली म्हणून शेवटचा नंबर.

तर त्या नंबरचं दूध लाल आलं.

दुसऱ्या दिवशी ती चालत केंद्रावर आली. दारातूनच म्हणाली, "जयभीम, पोरी. माझ्या दुधात काय निघलं म्हनं?"

"सोडा."

"सोडा कावून टाकीन मी? गाय दारात हाय, संस्था हाकंवर हाय. धार काढली की घातलं. आंबायला येळच कुठं गावतो त्याला?"

हे तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ज्या दुधाला आंबायला वेळच मिळत नाही त्यात कुणी सोडा कशाला टाकेल? बीएस्सी नसलेल्या माणसालाही हे कळलं असतं. मी तिला उलट विचारलं, "मावशी, चरवी कशाने घासता?"

"राखंनं. आन् कशानं?"

मला आनंद झाला. उत्तर सापडलं होतं. केंद्रातल्या चुलीतली राख आणून मी ती पाण्यात कालवली, त्यात लाल लिटमस बुडवला आणि तो निळा झालेला तिला दाखवला. राखही आम्लारीच, सोड्याची बहीण, असं मोठ्या झोकात सांगितलं. ती कागदाकडे बराच वेळ बघत राहिली. "समदं आयुष्य राखंनं भांडी घासली," ती म्हणाली, "कुनी सांगितलं न्हाई." मग म्हणाली, "मंग राख बंद." आणि निघाली. मला वाटलं, मी एक बाई वाचवली.

पुढच्या आठवड्यात पुन्हा लाल.

या वेळी ती म्हणाली, "वाळूनं घासली, आदनाच्या पान्यानं धुतली. आमाला प्यायला पानी न्हाई, पर चरवी दोनदा धुतली." या वेळी ती मला पोरी म्हणाली नाही, म्याडम म्हणाली. ते मला जाणवलं आणि बरंही वाटलं, हे कबूल करते. मी तिला बसायला सांगितलं नाही. व्यवस्थापक आणि दोन-तीन माणसं समोर होती. ती आमच्यातली, मी आमच्यातली. मी जरा मऊ बोलले असते तर लोक काय म्हणाले असते ते मला पाठ होतं. म्हणून मी जास्तच ताठ झाले. "चाचणी सगळ्यांना सारखी असते," असं म्हणाले.

सगळ्यांना सारखी नव्हती. अडतीस नंबरच्या दुधातही थोडी गुलाबी छटा यायची. ती मी उजेडात धरून, मान तिरकी करून बघायचे आणि "ठीक" असा शेरा मारायचे. त्या माणसाबद्दल माझ्या मनात शंका यायचं काही कारणच नव्हतं. तिच्याबद्दल काय कारण होतं, तेही मला तेव्हा सांगता आलं नसतं.

तिसऱ्या आठवड्यात लाल आलं, तेव्हा मी अहवालावर सही केली. तिचं दूध बंद झालं आणि फळ्यावर नाव लागलं. गावात कुणाला आश्चर्य वाटलं नाही, असं दुधाच्या गाडीचा ड्रायव्हर सांगत होता. काहीतरी निघणारच होतं, अशा सुरात सगळे बोलले म्हणे. मला ते ऐकून बोचलं. पण रंग लाल आला होता त्याला मी काय करणार?

त्यानंतरच्या आठवड्यात त्याच गावच्या नमुन्यांत पुन्हा एक बाटली लाल आली. तिच्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर नाव होतं संस्थेच्या सचिवाचं.

संध्याकाळच्या आत तो मोटारसायकलवरून आला. किराणा दुकान असलेला, सभ्य, कपाळावर भस्माचे पट्टे ओढणारा माणूस. त्याने आयुष्यात कधी कुणाच्या दुधात पाणी घातलं नसेल. तो रागावला नाही, हसला. "म्याडम, तुमचं औषध बिघडलं असंल. उन्हानं व्हतं असं."

व्यवस्थापक लगेच म्हणाले, "द्रावण जुनं झालं असेल. नवीन करून बघा."

आणि मी ताबडतोब नवीन द्रावण करायला घेतलं. माझ्या आयुष्यात मला ज्याची सगळ्यात जास्त लाज वाटते ती गोष्ट ही. तीन आठवडे एक बाई सांगत होती, "सोडा मी टाकला नाही." तेव्हा ना व्यवस्थापकांना द्रावण जुनं वाटलं, ना मला. सचिव मोटारसायकलवरून उतरला आणि पाच मिनिटांत आम्ही चाचणीची चाचणी सुरू केली.

नवीन द्रावणातही लाल आलं. सचिवाच्या तोंडचं हसू गेलं. मी त्याला विचारलं, चरवी कशाने घासता, दूध कुठे ठेवता. सगळं ठीक होतं. मग बाटलीकडे बघून विचारलं, "ही तुमची नेहमीची बाटली नाही का? नंबर खोडलेला दिसतोय."

"माझी फुटली. ती एकोनचाळीसची मोकळीच पडली हुती, तीच भरली."

मी बाटलीतलं उरलेलं दूध ओतून टाकलं. तळाशी पांढरी खरड अजून चिकटून होती, बोटाने घासली तर निसरडी लागली. बोअरच्या क्षाराची खरड खरखरीत असते. निसरडा लागतो तो सोडा. ती जिभेला लावली आणि लगेच थुंकले. साबणासारखी कडवट.

मग मी पद्धतशीर तपासलं. केंद्रातल्या चहाचं दूध घेतलं, ते सरळ परीक्षानळीत तपासलं: पिवळट. तेच दूध एकोणचाळीसच्या बाटलीत ओतून, हलवून तपासलं: लाल. धुऊन ठेवलेल्या क्रेटमधली पहिली बाटली घेऊन तेच केलं: पिवळट. विसावी: पिवळट. अडतिसावी: गुलाबी. मी नंबरवार धुवायचे. प्रत्येक बाटली सोड्याच्या बादलीतून थोडं पाणी साध्या बादलीत घेऊन यायची. विसाव्या बाटलीपर्यंत साधं पाणी बऱ्यापैकी साधं राहायचं. एकोणचाळिसाव्यापर्यंत दोन्ही बादल्या सोड्याच्याच झालेल्या असायच्या. मी शेवटची बाटली सोड्यातून काढून सोड्यात बुडवत होते, आणि मग त्या बाईला विचारत होते, सोडा का टाकता?

सचिव गेल्यावर मी व्यवस्थापकांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. वाईट माणूस नव्हता. म्हणाले, "बाटल्या नीट धुवा इथून पुढे. सचिवाचा रिपोर्ट मी फाडतो. त्या बाईला दोन महिन्यांनी अर्ज करायला लावू, घेऊ परत. पण तपासणी चुकली असं बाहेर बोलू नका. उद्या ज्यांनी खरोखर सोडा टाकला तेही येतील, आमचीही बाटलीच म्हणून. आणि तुमचं कायम व्हायचंय अजून, हे लक्षात ठेवा."

त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. म्हणून तर मी दोन दिवस गप्प बसले. त्या दोन दिवसांत मी बाटल्या इतक्या स्वच्छ धुतल्या की हाताची सालं निघाली. पण बाटल्या धुऊन फळ्यावरचं नाव पुसलं जात नव्हतं. दोन महिन्यांनी तिला परत घेतलं असतं तरी ते माफ केलेली चोर म्हणून घेतलं असतं. तिसऱ्या दिवशी मी रजेचा अर्ज टाकला आणि त्या गावच्या एसटीत बसले. पिशवीत हळदीची पुडी आणि मुद्दाम एकदा जुन्याच पद्धतीने एकोणचाळीस बाटल्या धुऊन घेतलेलं दोन बाटल्या पाणी.

त्या दिवशी संस्थेची बैठक होती. ओट्यावर पंचवीस-तीस माणसं बसली होती, कडेला काही बायका. मी ड्रायव्हरकडून आधीच निरोप धाडला होता, त्यामुळे तीही आली होती आणि ओट्याखाली, लांब उभी होती. मी तिला वर या म्हटलं. ती आली नाही.

रोझॉलिक आम्ल सांगून कुणाला पटलं नसतं, म्हणून हळद. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, हे बायकांना सांगावं लागत नाही. मी दोन पेले मागवले. एकात साध्या पाण्याच्या बादलीतलं सुरुवातीचं पाणी ओतलं, दुसऱ्यात शेवटी उरलेलं. दोन्हीत चिमूट-चिमूट हळद टाकली. पहिला पेला पिवळा राहिला. दुसरा बघता बघता कुंकवाच्या रंगाचा झाला. बायका पुढे वाकल्या.

मी म्हणाले, "पहिल्या पाण्यात एक नंबरची बाटली धुतली. या लाल पाण्यात एकोणचाळीस नंबरची. सोडा दुधात नव्हता, माझ्या बाटलीत होता. आणि ही बाटली सचिवांनी वापरली तेव्हा त्यांचंही दूध लाल आलं."

एकाने लाल पेला उचलून वास घेतला. मग मागून कुणीतरी म्हणालं, "म्हंजी म्याडमच सोडा टाकीत हुत्या की बे!" आणि हशा पिकला. मीही हसले, काय करणार. सचिव उठला. त्याने उपरण्याच्या टोकाने फळ्यावरचं नाव पुसलं आणि, "उद्यापासून दूध घाला, मावशी," असं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. त्याच्या मनाचा मोठेपणा मी मान्य करते, कारण त्याला तसं करायची सक्ती नव्हती. लोक पेल्यांभोवती जमले. हळद, चुना, साबण यांवर चर्चा सुरू झाली. ज्यासाठी मी आले होते ते पंधरा मिनिटांत आटोपलं होतं.

मी ओट्यावरून खाली उतरले. ती अजून तिथेच उभी होती. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, रागही नव्हता. मला वाटत होतं, तिने मला शिव्या द्याव्यात. म्हणाले, "मावशी, चूक माझी होती. तुम्ही पहिल्या दिवशीच बरोबर सांगितलं होतं."

"ते कळलं मला. बगितलं की समदं."

ती पायरीवर बसली. मीही तिच्या शेजारी बसले. बराच वेळ ती पदराच्या टोकाला गाठी मारत आणि सोडत राहिली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "तुमाला एक सांगू का? दुसऱ्या बारीला लाल आलं ना, तवापासनं मी घरातला सोड्याचा डबा रोज उघडून बगत हुते. बोट बुडवून माप घ्यायचे, कमी झालाय का. म्हनलं, पोर शिकल्याली हाय, आपल्यातली हाय, ती खोटं कशाला सांगंल. मीच टाकीत असंन. लई ताप व्हता डोक्याला, ध्यान ऱ्हात नसंल. तिसऱ्या बारीला तर मला डबा कमी झाल्यागतच वाटला."

मी डोळ्यांना पदर लावला आणि पायरीवरच रडत बसले. ओट्यावरची माणसं बघायला लागली. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला, जरासा दाबला.

"उटा आता," ती म्हणाली, "यष्टी जाईल तुमची."